बोटीवर नाव आहे, पाकिटावर आहे का?



नवी बोट पाण्यात उतरवायची असली की घरात नावावरून किती चर्चा होते, ते आपल्याला सांगायला नको. कुणी म्हणतं ग्रामदेवीचं नाव द्या, कुणी म्हणतं आजीचं. मग पेंटर बोलवायचा, अक्षर लांबून दिसलं पाहिजे म्हणून रंग दोनदा मारून घ्यायचा. हा खर्च आपण हौसेने करतो.

आणि त्याच बोटीची मासळी जेटीवरून निघते ती बिननावाची! क्रेटवर काही नाही. पावती म्हणजे वहीचं फाडलेलं पान. सुक्या बांगड्यांचं पाकीट म्हणजे साधी पिशवी आणि वर गाठ. गिऱ्हाइकाने घरी नेलं, खाल्लं, आवडलं. परत हवं असेल तर त्याने विचारायचं कुणाला?

म्हणून आजचा धडा छापील कागदावर. मोठ्या जाहिराती, होर्डिंग वगैरे आपलं काम नाही. आपल्याला तीन गोष्टी पुरतात: बिल बुक, पाकिटावरचं लेबल आणि कार्ड. धडा एका वाक्यात सांगायचा तर असा: छापलेला कागद आपण समोर नसताना आपल्या वतीने बोलतो, म्हणून त्यावर तेवढंच छापा ज्याची जबाबदारी तुम्ही घेऊ शकता.

१) आधी बिल बुक, कार्ड नंतर

बहुतेक जण सुरुवात व्हिजिटिंग कार्डाने करतात, कारण ते दिसायला छान असतं. आम्ही सांगू, आधी बिल बुक करा.

एखादं हॉटेल किंवा शॅक दोन-तीन बोटींकडून मासळी घेतं आणि हिशेब महिन्याने करतं. महिनाअखेर मॅनेजरच्या टेबलावर चिठ्ठ्यांचा ढीग. एका चिठ्ठीवर तारीख नाही, दुसरीवर किलो आहेत पण दर नाही, तिसरी भिजलेली. "त्या दिवशी २५ किलो होतं की २२?" यावरून वाद. ज्याच्या बिलावर नंबर, तारीख आणि सही आहे त्याचा हिशेब आधी सुटतो. आपल्याकडे दुसरी प्रत असते, त्यामुळे आवाज चढवायची गरज पडत नाही.

यात जाहिरात कुठे आली? मॅनेजर बदलतो, फाईल तिथेच राहते. नवा माणूस फाईल उघडतो आणि त्याला तुमच्या बोटीचं नाव आणि फोन आपोआप मिळतो. कार्ड खिशातून हरवतं, बिल हरवत नाही. जपून ठेवला जाणारा कागद हीच सगळ्यात स्वस्त जाहिरात.

बिलावर काय छापायचं?

– वर धंद्याचं किंवा बोटीचं नाव, गाव, जेटी, फोन.
– बिल नंबर. हा प्रेसमध्येच छापून घ्या, हाताने घालू नका. एक पुस्तक संपलं की दुसऱ्याचे नंबर तिथूनच पुढे.
– तारीख आणि घेणाऱ्याचं नाव.
– रकाने: मासळी, प्रत, किलो, दर, रक्कम.
– खाली तीन ओळी: एकूण, जमा, बाकी.
– दोघांच्या सह्यांची जागा.

एक सोपी युक्ती. नेहमीच्या मासळीची नावं आधीच छापून घ्या: बांगडा, तारली, सुरमई (इसवण), पापलेट, सुंगटे, माणकी. खाली चार ओळी कोऱ्या ठेवा. जेटीवर बिल लिहिणारा खलाशी घाईत असतो आणि कधी कधी त्याला मराठी लिहिता येत नाही. त्याने फक्त आकडे भरले की काम झालं.

दोन प्रती हव्यात. मधे कार्बन घालायचा जुना प्रकार आहे आणि न घालता खाली उमटणारा कागदही मिळतो. दुसरा प्रकार थोडा महाग, पण ओल्या हातांनी कार्बन सरळ करत बसण्यापेक्षा बरा. लिहायला बॉलपेनच वापरा. जेलपेनची शाई पाण्याचा थेंब पडला की पसरते.

कायद्याच्या दोन गोष्टी इथेच सांगतो. ज्यांच्याकडे अन्न सुरक्षा नोंदणी किंवा परवाना आहे, त्यांनी तो १४ आकडी क्रमांक बिलावर छापायचा असतो. १ जानेवारी २०२२ पासून हे बंधनकारक आहे. दुसरी गोष्ट जीएसटीची. तुमची नोंदणी नसेल तर बिलावर 'टॅक्स इन्व्हॉइस' असं शीर्षक छापू नका आणि कराचा रकानाही ठेवू नका. नोंदणी नसताना गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही. प्रेसवाल्याकडे तयार नमुना असतो, तो तसाच्या तसा छापून देतो. निस्तरायचं मात्र आपल्याला असतं.

२) पाकिटावरचं लेबल: इथे खरी कमाई, आणि खरी जबाबदारी

गोव्यात १ जून ते ३१ जुलै यंत्रबोटींना मासेमारी बंद. त्याआधी एप्रिल-मे म्हणजे घरोघरी पुरुमेंताची तयारी. सुके बांगडे, सुकी सुंगटे, गालमो म्हणजे आपला जवळा, सगळं पावसाळ्यासाठी भरून ठेवायचं. आपल्या बायका याच दिवसांत उन्हात राबतात, आणि याच मालावर पुढचे दोन महिने कित्येक घरांची चूल चालते.

आता बघा. तेच सुके बांगडे सुटे विकले तर ते बाजारातल्या ढिगातले एक. गिऱ्हाईक भाव पाडणारच, कारण शेजारच्या टोपलीतले तसेच दिसतात. पाकिटावर नाव असेल तर पुढच्या वर्षी तो शोधत येतो: "गेल्या वेळी नेलेले, खारटपणा बरोबर होता, तेच द्या."

पण पाकीट बंद करून वर लेबल लावलं की आपण कायद्याच्या लेखी वेगळ्या जागी जातो. सुटा माल गिऱ्हाइकासमोर तोलून देणं वेगळं आणि आधी भरून ठेवलेलं पाकीट विकणं वेगळं. मासळी सुकवून, खारवून, भरून विकायची तर अन्न सुरक्षा नोंदणी लागते. लेबलवर या गोष्टी हव्यातच:

– मालाचं नाव: 'सुके खारवलेले बांगडे' असं स्पष्ट. नुसतं 'स्पेशल' नको.
– घटक: मासळी आणि मीठ. हळद लावली असेल तर तीही.
– मांसाहारी खूण: तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण. पूर्वी गोल असायचा, प्रेसवाल्याकडे अजून जुनीच खूण पडलेली असू शकते. बघून घ्या.
– निव्वळ वजन. पिशवीचं वजन धरायचं नाही.
– भरल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं ती तारीख आणि बॅच नंबर.
– कमाल किंमत, सर्व करांसहित. त्याबरोबर किलोला किंवा ग्रॅमला काय दर पडतो तोही.
– भरणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन.
– अन्न सुरक्षेची खूण आणि १४ आकडी क्रमांक.
– ॲलर्जीची सूचना: 'यात मासळी आहे'. सुंगटे आणि गालमो असेल तर कोळंबी वर्गाचा वेगळा उल्लेख. कोळंबीची ॲलर्जी असलेल्या माणसाला एक घासही महाग पडू शकतो.

भाषेचं एक लक्षात ठेवा. कायद्याने लागणारी माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत असावी लागते. मराठी, कोकणी जरूर छापा, आपलं गिऱ्हाईक तेच वाचतं, पण फक्त मराठीत छापून भागत नाही.

तारीख कधीच प्रेसमध्ये छापू नका. तारीख, बॅच आणि किमतीला कोरी जागा ठेवा आणि घरी शिक्क्याने किंवा न पुसणाऱ्या पेनाने भरा. तारीख छापलेली लेबलं उरली की ती रद्दी, आणि जुनी तारीख खोडून नवी घालणं हा तर सरळ गुन्हा.

वजनाचं भान ठेवा. अर्धवट सुकलेली मासळी आज २५० ग्रॅम भरते आणि पंधरा दिवसांनी कमी भरते. शिवाय तिला बुरशी लवकर येते. पूर्ण सुकवा, थंड होऊ द्या, मगच तोला. छापलेला आकडा गिऱ्हाइकाच्या घरच्या काट्यावरही तेवढाच निघाला पाहिजे.

आणखी एक. छापलेला कागद मासळीला लागता कामा नये. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ गुंडाळायला बंदी आहे, कारण शाई अन्नात उतरते. मग आपलं रंगीत कार्ड पाकिटाच्या आत टाकणंही तितकंच चुकीचं. लेबल बाहेरून लावा.

लेबल छापायला देण्यापूर्वी कच्चा नमुना अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात दाखवून घ्या. एक फेरी पडेल, पण हजार लेबलं फुकट जाणार नाहीत.

३) कार्डावर नाव कुणाचं?

हा भाग दादांनी नीट वाचावा, आणि घरच्या बाईलाही वाचून दाखवावा.

आमच्याच एका सभासदाच्या घरची गोष्ट. कार्ड छापलं, वर बोटीचं चित्र, खाली 'मालक' म्हणून दादाचं नाव आणि दादाचा नंबर. कार्डं वाटली. फोन आलेही असतील, पण दादा समुद्रात, मोबाईलला रेंज नाही. किनाऱ्यावर आल्यावर जाळी, डिझेल, लिलाव, झोप. मिस्ड कॉलला उलटा फोन करणार कोण? मासळी सुकवणारी, भरणारी, कुणाला कमी मीठ लागतं ते लक्षात ठेवणारी ताई घरीच होती. तिचं नाव कार्डावर कुठेच नव्हतं.

दुसऱ्यांदा छापायची वेळ आली तेव्हा दादा म्हणाले, "बोट माझी, नाव माझंच असू दे."
ताई म्हणाली, "बोट तुमचीच हो. पण फोन उचलतं कोण?"

नवीन कार्डावर दोघांची नावं आली. ताज्या मासळीला दादा, सुक्या मासळीला आणि ऑर्डरला ताई, आणि नंबर ताईचा वर. आता गिऱ्हाईक नावाने विचारतं. इतकी वर्षं "ए बाय" म्हणून हाक मारणारे लोक नाव घेऊन बोलतात, यात धंद्यापलीकडचंही काहीतरी आहे असं आम्हाला वाटतं.

एक सावधगिरी बाळगा. कार्डावरचा नंबर कुणाच्याही हाती पडतो. धंद्यासाठी वेगळं सिम घ्या, घरचा नंबर घरचाच राहू द्या. फोनची वेळही छापा: 'सकाळी ९ ते संध्याकाळी ६'.

कार्डाच्या पुढच्या बाजूला नाव, जेटी, फोन, काय मिळतं. मागची बाजू कोरी सोडू नका, तिथे गिऱ्हाइकाच्या कामाचं काहीतरी छापा, म्हणजे ते कार्ड फेकलं जाणार नाही. उदाहरणार्थ:

– '१ जून ते ३१ जुलै ताजी मासळी बंद. सुकी मासळी मिळेल. पुरुमेंताची ऑर्डर एप्रिलपर्यंत द्या.'
– 'सुकी मासळी हवाबंद डब्यात ठेवा. पावसाळ्यात ओलसर वाटली तर ऊन मिळेल तेव्हा दाखवा.'
– कोणत्या महिन्यात कोणती मासळी चांगली, याची छोटी यादी. ही तुमच्या तांडेलाला विचारूनच करा.

ज्यांना थोडा जास्त खर्च झेपतो त्यांनी एका पानाचं कॅलेंडर करावं. आपल्याकडे भिंतीवरचं कॅलेंडर वर्षभर टिकतं. आपण तसेही अमावस्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीचा भांग तिथीवरून मोजतो. गिऱ्हाईकही तिथी बघतंच: सोमवार, संकष्टी, एकादशी, श्रावण, चतुर्थी. अनेक घरांत तेव्हा मासळी शिजत नाही. ख्रिस्ती घरांत चाळीस दिवसांच्या उपवासकाळात शुक्रवारी मटण-चिकन वर्ज्य, तिथे मासळी चालते. हे दिवस आणि बंदीच्या तारखा एकाच पानावर आल्या की ते कॅलेंडर स्वयंपाकघरातच लागणार, आणि खाली तुमचं नाव.

कार्ड वाटायचं कुणाला? रस्त्यावर दिसेल त्याला नको. जो एकदा माल घेऊन गेला त्याला द्या. हॉटेलच्या खरेदी बघणाऱ्याला द्या. बेळगावहून मासळीसाठी येणाऱ्या व्यापाऱ्याला द्या. प्रत्येकाला दोन द्या, एक त्याला आणि एक त्याच्या शेजाऱ्याला.

४) पाणी, बर्फ आणि कागद

आपल्या धंद्यात कागदाचा शत्रू ठरलेला. म्हणून दुसऱ्या दुकानाचं बघून छापू नका.

घरच्या रंगीत प्रिंटरची, म्हणजे इंकजेटची, शाई पाण्याने पसरते. लेसर किंवा ऑफसेटची छपाई टिकते. मशीनमधून निघणारी गुळगुळीत थर्मल पावती उन्हात आणि तेलाच्या हातांनी काही दिवसांत कोरी होते. हिशेबासाठी तिच्यावर विसंबू नका.

कागदी स्टिकर सुक्या मासळीच्या पाकिटाला चालतो. बर्फातल्या मालाला प्लास्टिकचा, म्हणजे व्हिनाइलचा स्टिकर घ्या. तोही थंड, दमट पृष्ठभागावर धरत नाही. पिशवी कोरडी असताना, बर्फात जाण्याआधी लावा. फ्रीझरमध्ये जाणारा माल असेल तर प्रेसवाल्याला तसं सांगून त्याचा वेगळा गोंद मागा.

क्रेटला स्टिकर नकोच. धुताना निघतो आणि अर्धवट चिकटून घाण दिसतो. पत्र्याचा साचा कापून घ्या आणि रंगाने नाव मारा. क्रेट हरवण्याचं प्रमाणही कमी होईल.

पिशव्यांचं सांगायचं तर १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक कॅरीबॅगवर ३१ डिसेंबर २०२२ पासून देशभर बंदी आहे. त्यावर नाव छापून घेणं म्हणजे चुकीवर सही करणं. जाड कापडी पिशवीवर एका रंगात स्क्रीन प्रिंटिंग करून घ्या, मोठ्या ऑर्डरच्या गिऱ्हाइकाला द्या. ती पिशवी भाजीबाजारातही फिरते.

पैसे घ्यायचा क्यूआर कोड छापलात तर लॅमिनेट करा आणि रोज सकाळी एकदा स्वतःच्या फोनने तपासा. कोडवर दुसरा स्टिकर चिकटवून पैसे पळवण्याचे प्रकार होतात. स्कॅन केल्यावर आपलंच नाव दिसतं ना, एवढं बघायला दहा सेकंद लागतात.

५) प्रेसमध्ये जाताना: आमची फजिती

लपवण्यात अर्थ नाही, म्हणून सांगतो. पहिल्यांदा लेबल छापलं तेव्हा प्रूफ आलं आणि आम्ही सगळे त्याभोवती जमलो. मासळीचं चित्र बघितलं, रंग बघितला, नावातली वेलांटी बघितली, निळा जास्त गडद झाला का यावर अर्धा तास वाद घातला. एक हजार लेबलं छापून आली. मग कळलं की फोन नंबरातला एक आकडा चुकलाय. प्रेसची चूक म्हणावी तर प्रूफवर 'ठीक' म्हणून सही आमचीच होती. त्या नंबरवरच्या भल्या माणसाला आठवडाभर सुक्या बांगड्यांचे फोन जात होते. शेवटी हजार लेबलांवर पेनाने आकडा दुरुस्त करत बसलो, आणि तरी ते लेबल दिसायला फसवणुकीसारखंच दिसत होतं.

तेव्हापासूनचे आमचे नियम:

– प्रूफवरचा नंबर बघून तिथेच फोन लावायचा. वाजला तर बरोबर.
– क्यूआर कोड दोन वेगवेगळ्या फोनने स्कॅन करायचा.
– १४ आकडी क्रमांक एकाने मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रमाणपत्रावर बोट ठेवून जुळवायचा.
– प्रूफ मोबाईलवर नाही, कागदावर आणि खऱ्या मापात बघायचं. स्क्रीनवर मोठं दिसणारं अक्षर पाकिटावर मुंगीएवढं होतं.
– जोडाक्षरं तपासायची. आपण व्हॉट्सॲपवर पाठवलेला मराठी मजकूर प्रेसच्या जुन्या फॉन्टमध्ये नेताना 'प्र', 'र्य', 'क्ष' तुटतात, रफार भलत्याच अक्षरावर बसतो.
– घरातल्या वयस्कर माणसाला चष्म्याशिवाय वाचायला द्यायचं. त्यांना नाव आणि नंबर दिसला तर सगळ्यांना दिसेल.
– डिझाईनची फाईल आपल्याकडे मागून घ्यायची. पुढच्या वेळी दुसरीकडे छापायचं झालं तर पुन्हा सुरुवात नको.

वेळही बघा. एप्रिल-मेमध्ये प्रेस लग्नपत्रिकांत बुडालेली असते, चतुर्थीच्या आधीही तेच. पुरुमेंताची लेबलं हवी असतील तर फेब्रुवारीत काम द्या.

६) किती छापायचं?

ऑफसेटला प्लेट करावी लागते, त्यामुळे शंभर छापा की हजार, सुरुवातीचा खर्च तोच. म्हणून जास्त छापलं की एक नग स्वस्त पडतो. डिजिटलला प्लेट नाही, थोडे नग हवे असतील तर तेच बरं. प्रेसवाला म्हणेल, "दादा, दोन हजार घ्या, स्वस्तात पडेल." पण उरलेलं लेबल स्वस्त नसतं. पत्ता, नंबर, नियम, काहीही बदललं की ते जातं.

साधा हिशेब करा. समजा १५० पाकिटं भरणार आहात आणि एका लेबलला २ रुपये पडतात. म्हणजे ३०० रुपये. पाकिटामागे फक्त ५ रुपये जास्त मिळाले तरी ७५० रुपये येतात, लेबलचा खर्च जाऊन ४५० उरतात. पण स्वस्त मिळतात म्हणून १,००० लेबलं १,२०० रुपयांत घेतली आणि वापरली १५०, तर ७५० मिळूनही ४५० रुपये पदरचे गेले. आधी पाकिटं मोजा, मग लेबलं.

पैसे अगदीच कमी असतील तर रबरी शिक्का करा. नाव, गाव, फोन. कागदी पिशवीवर, वहीच्या पावतीवर, कुठेही मारता येतो. सुरुवात म्हणून यात कमीपणा काही नाही.

आणि एकत्र या. पाच घरांनी एकाच मापाचं, एकाच रंगाचं लेबल ठरवलं, नाव-पत्त्याची जागा कोरी ठेवली, तर मूळ छपाई ऑफसेटवर एकत्र होते आणि प्रत्येकाचं नाव नंतर वेगळं छापता येतं. फक्त नोंदणी क्रमांक ज्याचा त्याचाच हवा. शेजारणीचा क्रमांक आपल्या पाकिटावर चालत नाही, कितीही जवळची असली तरी.

छापल्यावर उपयोग झाला का, तेही मोजा. नवा फोन आला की विचारा, "नंबर कुठून मिळाला?" वहीत खूण करा: बिल, लेबल, कार्ड, कुणी सांगितलं. हंगाम संपला की वही बघा. ज्याच्यापुढे खुणा नाहीत ते पुढच्या वर्षी छापू नका.

७) आणि हे कधीच छापू नका

जुलै २०१८ आठवतंय ना? मासेमारी बंदीचे दिवस, आपल्या बोटी किनाऱ्यावर. मडगावच्या घाऊक बाजारात आलेल्या मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या संशयावरून तपासणी झाली आणि त्याच महिन्यात सरकारने परराज्यातून येणाऱ्या मासळीवर काही काळ बंदी घातली. कित्येक घरांनी मासळी घेणंच थांबवलं. बंदी उठून आपल्या बोटी गेल्या, ताजी मासळी आली, तरी गिऱ्हाईक टोपलीकडे संशयाने बघायचं. आपली आणि बाहेरची मासळी वेगळी कशी सांगायची? आपल्या टोपलीवर नाव कुठे होतं?

तेव्हा लगेच सुचतं ते म्हणजे 'केमिकलमुक्त', 'शंभर टक्के शुद्ध', 'एक्सपोर्ट क्वालिटी' छापावं. आम्ही म्हणू, छापू नका. हे शब्द कुणीही छापतो, त्यामुळे त्यावर कुणाचा विश्वास उरलेला नाही, आणि उद्या कुणी पुरावा मागितला तर आपल्याकडे तपासणीचा कागद असतो का? त्यापेक्षा साधी खरी माहिती छापा: बोटीचं नाव, जेटी, कधी सुकवली, मीठ लावलंय, तक्रार असेल तर हा फोन. खोटं बोलायचं असलेला माणूस आपला फोन नंबर देत नाही, हे गिऱ्हाइकाला कळतं.

खरा मोह जुलैत होतो. स्वतःचा सुका माल संपलेला, ऑर्डर चालूच, आणि बाहेरचा माल स्वस्तात मिळतोय. लेबलं शिल्लक आहेतच, चिकटवली की झालं. बाहेरचा माल विकणं गैर नाही, पण त्यावर आपल्या बोटीचं नाव घालू नका. तो कधी पकडला, कशात बुडवला, कुठे वाळवला, आपण पाहिलेलं नाही. एका खराब पाकिटाने तुमचं नाव जातं, आणि एकाच जेटीचं नाव छापलेल्या बाकी घरांनाही ते भोगावं लागतं. सुटा विका, 'बाहेरचा आहे' म्हणून सांगून विका, किंवा सरळ सांगा, "संपला, आता पुढच्या वर्षी." संपला म्हणून सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक परत येतं, हा आमचा अनुभव.

या आठवड्याचं काम

१. घरातली गेल्या महिन्याची बिलं, चिठ्ठ्या काढा. बाहेरच्या माणसाने बघितलं तर त्याला तुमचा फोन सापडेल का?
२. एका कोऱ्या कागदावर तुमचं बिल हाताने आखा. लेबलही तसंच.
३. कार्डावर नाव आणि नंबर कुणाचा, हे घरात बसून ठरवा. नवरा-बायको दोघांनी.
४. या हंगामात किती पाकिटं भरणार, तो आकडा लिहा. त्याच्या वर छापायचं नाही.
५. कच्चा नमुना घेऊन संस्थेच्या कार्यालयात या. एकत्र बसून चुका काढू, आणि ज्यांची मापं जुळतात त्यांची छपाई एकत्र देऊ.

शंका असेल तर खाली लिहा. ज्यांनी आधी बिल, लेबल छापलंय त्यांनी फोटो टाका, पण फोन नंबर झाकून. बोटीला नाव देताना जेवढा विचार केला, त्याच्या निम्मा जरी या कागदावर केला तरी पुष्कळ झालं.